पायथ्याचे भावजी

आमच्या गावाला लागूनच एक पडकं आहे. सरकारी पाटीवर त्याला 'प्राचीन अवशेष' म्हटलंय, पण गावात कुणी तसं म्हणत नाही. बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरलं की समोर फाटक, फाटकाच्या आत तिकिटाची खिडकी, खिडकीपुढे दोन बाकं, बाकांवर सावली धरणारं एक डेरेदार झाड आणि झाडामागून वर जाणाऱ्या उंच, वेड्यावाकड्या दगडी पायऱ्या. टेकडी इतकी बुटकी, की तिला टेकडी म्हटलं तर तीच लाजेल. पण इतकं हाताशी असल्यामुळेच गावातलं कुणी आपण होऊन तिथे जात नाही. आज नाही तर उद्या जाऊ, ते काय पळून चाललंय, असं म्हणता म्हणता माणसं म्हातारी होतात. पाहुणे आले की मात्र जावंच लागतं. दुसरं दाखवणार काय? बाजार आणि पेट्रोल पंप त्यांच्याही गावात असतात.

आमच्या घरात पाहुण्यांना पडकं दाखवण्याचं काम भावजींचं. भावजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान आहे आणि त्याच्याच वरच्या मजल्यावर ती दोघं राहतात. मी त्यांच्या मागच्या गल्लीत. गावातल्या निम्म्या नाकांवर भावजींनी बसवलेले चष्मे आहेत. समोरून माणूस आला की ते आधी त्याच्या फ्रेमकडे बघतात, मग तोंडाकडे. "डावी काडी वर गेलीय तुमची," हा त्यांचा नमस्कार.

पाहुणे आले की भावजी दुकानाचं शटर अर्धं ओढत, स्वच्छ शर्ट घालत आणि सगळ्यांना घेऊन निघत. ताई डबे भरून देई. फाटकाशी पोचलं, तिकिटं काढली, की भावजी पायऱ्यांच्या पायथ्याशी थांबून सगळ्या मंडळींवरून एकदा नजर फिरवत. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाला धाप लागते, कुणाची चप्पल घसरडी आहे, हे त्यांना पाहुण्याच्या आधी कळे.

"मामी, तुम्हाला जमायचं नाही हो ह्या पायऱ्या."

"मला काय झालंय?"

"चेहऱ्यावर दिसतंय. उगीच त्रास नको. बसा इथे सावलीत. मी थांबतो तुमच्याजवळ. बाकीच्यांनी जाऊन या निवांत."

मामींना तोवर गुडघ्याचा पत्ताही नसे. पण इतक्या प्रेमानं कुणी विचारल्यावर तो दुखायला लागे. सगळेच धडधाकट निघाले, तर पिशव्या असत. पिशव्या नसल्या, तर कुणाचं तरी तान्हं मूल. एकदा काहीच नव्हतं, तेव्हा भावजींनी स्कूटरचं कुलूप बरोबर लागत नसल्याचं सांगितलं होतं. एकूण काय, वर जायचे ते पाहुणे, भावजी पायथ्याशी. माझी आई त्यांना कौतुकानं 'आमचे पायथ्याचे जावई' म्हणायची. आम्ही भावंडं मग 'पायथ्याचे भावजी' म्हणू लागलो.

हे सुरू झालं तेही आईवरूनच. ताईच्या लग्नानंतर, मी ह्या गावात राहायला यायच्या आधी, आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा आईला पायऱ्या चढवेनात. नवे जावई तिच्याजवळ बसून राहिले. घरी परतल्यावर आईनं शेजारपाजारच्या दहा जणींना सांगितलं, की पोटचा मुलगा बसला नसता असा जावई बसला. एवढं कौतुक झाल्यावर दुसऱ्या खेपेला माणूस वर कसा जाणार? तिसऱ्या खेपेला तर सगळ्यांनी गृहीतच धरलं. आणि इतक्या खेपा झाल्यावर, "खरं म्हणजे मी अजून वर गेलेलोच नाही," असं सांगायची सोय उरली नाही. कारण तोवर भावजी पडक्याबद्दल बोलायला लागले होते.

त्यांना माहिती मिळत होती ती खाली येणाऱ्यांकडून. घामाघूम होऊन माणसं उतरत, पाणी पीत आणि आपण काय काय पाहिलं ते सांगत. कुणी म्हणे मोठा दिवाणखाना आहे, कुणी म्हणे न्हाणीघर आहे, कुणी म्हणे एका कोपऱ्यात बोललं की दुसऱ्या कोपऱ्यात ऐकू येतं. बाकावर बसून भावजी ते सगळं मनात नीट मांडून ठेवत, जसे दुकानातल्या काचेच्या कपाटात चष्मे मांडतात तसे. मग दुकानात गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं, एका डोळ्यावर झाकण आलं, की भावजी अक्षरांचा तक्ता दाखवता दाखवता त्याला दिवाणखान्यातून न्हाणीघरात घेऊन जात. गिऱ्हाईक पळणार कुठे? त्याला दिसतच नसे.

आणि मग तो घोडा आला.

घोडा नेमका कुणी आणला हे आता सांगता येणार नाही. भावजींच्या आठवणीप्रमाणे, आमच्या चुलतभावाची मुलगी खाली येऊन म्हणाली, की वर घोडा आहे. तेव्हा ती चड्डी उलटी घालायच्या वयाची होती. तिला कुत्राही घोडा वाटू शकतो. पुढच्या खेपेला एका मावसकाकांनी सांगितलं, की तीन पायांचं काहीतरी कोरलेलं आहे खरं. झालं! भावजींच्या डोक्यात घोड्याला तीन पाय लागले. त्यानंतर वर जाणाऱ्या प्रत्येकाला ते बजावू लागले, "तीन पायांचा घोडा चुकवू नका हं. चौथा पाय तुटलाय, पण मान काय वळवलीय त्यानं!"

आता वर जाऊन घोडा न बघता येणं म्हणजे लग्नाला जाऊन नवरी न बघता येणं. खाली आल्यावर भावजी विचारत, "बघितलात?" आणि दमलेला पाहुणा घाम पुसत म्हणे, "वा! काय घोडा!" एकानंही 'नाही' म्हटलं नाही. उलट प्रत्येकानं थोडी भर घातली. शाळेत मुख्याध्यापक असलेले ताईचे मामेसासरे तर म्हणाले, की असा घोडा आपल्याकडचा नव्हे, हा बाहेरून आलेला घोडा. फाटकाशेजारच्या रसवाल्यानं मग दुकानाच्या पाटीवर तीन पायांचा घोडा रंगवून घेतला. आता तर कागदोपत्री पुरावाच झाला.

मी स्वतः वर गेले होते ते दोन लहान मुलांना घेऊन. एकाला आल्या आल्या लागली, दुसऱ्याला त्याचं झाल्यावर. वरची स्वच्छतागृहं कुठे आहेत ते मी आजही डोळे मिटून सांगेन. बाकी माझं काही पाहणं झालं नाही. घोडा असेल आपला कुठेतरी, असं मीही धरून चालले होते.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. पण एका दुपारी भावजी माझ्याकडे आले आणि न विचारता माझा चष्मा काढून घेऊन त्याचा स्क्रू आवळू लागले. भावजी न बोलावता स्क्रू आवळायला आले, की समजावं, ह्यांचंच काहीतरी सैल झालंय.

"अक्का येतेय," ते म्हणाले.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा भावजींना तिनंच वाढवलं. ती राहते दूरच्या शहरात, एका उंच इमारतीत. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो. त्यात भावजींचं अंग कसं आहे, पोट कसं आहे, ह्याची तपासणी होते. मग ती त्यांच्या अर्धवट राहिलेल्या गोष्टींची उजळणी करते. पोहायला शिकायला गेला आणि कमरेएवढ्या पाण्यातून परत आला. टायपिंगच्या क्लासला गेला आणि डाव्या हाताची अक्षरं तेवढी शिकला. मोठ्या कंपनीत लागला आणि पावसाळा संपायच्या आत सोडून आला. तिच्या मते भावजींनी आयुष्यात पुऱ्या अशा दोनच गोष्टी केल्या. एक लग्न, तेही तिनं मांडवातून हलू दिलं नाही म्हणून. आणि दुसरं ते पडकं. पडक्याबद्दल मात्र ती मन लावून ऐके. "घोड्याचं सांग," म्हणे. भावजी सांगत.

"येऊ दे की," मी म्हटलं. "चांगलंच आहे."

"खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून घराबाहेर पडली नव्हती. आता डॉक्टरांनी परवानगी दिलीय. म्हणाली, बाळ्या, आता मला तुझा घोडा बघायचाय."

"मग दाखवा."

भावजींनी स्क्रू इतका आवळला, की चष्म्याची काडी दुमडेना. मग खाली बघत म्हणाले, "मी कधी वर गेलोच नाहीये."

मी आधी हसले. मग त्यांचा चेहरा पाहून गप्प झाले. मग आत जाऊन पुन्हा हसून आले.

"हसा," ते म्हणाले. "पण अक्काला कळलं ना, तर तिच्या यादीत शेवटची एक गोष्ट होती, तीपण जाईल. मग माझं काय उरलं तिच्याकडे? लहानपणी ती मला थापाड्या म्हणायची. इतकी वर्षं म्हटली नव्हती हो."

"अजून दिवस आहेत. उद्याच जाऊन बघून या ना एकदा! तिकीट काढायचं, वर जायचं. कोण अडवतंय?"

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ते खरोखरच गेले. संध्याकाळी आले तेव्हा हातात एका अनोळखी बाईंनी दिलेला पेरू होता.

"काय झालं?"

"फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, आज कोण बसणार आहे खाली? म्हटलं, कुणी नाही, एकटाच आलोय. त्याला काही पटलं नाही. म्हणाला, पाहुणे येतायत का मागून? तेवढ्यात एका आजोबांच्या चष्म्याची काच निसटत होती, ती बसवून द्यायला म्हणून बाकावर टेकलो. टेकलो तर एक बाई म्हणाल्या, तुम्ही बसलाच आहात, तर एवढी पिशवी बघाल का? मग त्यांच्या जाऊबाईंनी बाळ दिलं." ते पेरू न्याहाळत म्हणाले. "बाळ झोपलं होतं. त्याला घेऊन काय पायऱ्या चढणार?"

"आणि आता?"

"आता एकच. अक्काचा खुबा. त्या पायऱ्या तिला चढवणार नाहीत. मी तिच्याजवळ बसेन खाली. तुम्ही आणि तुमची ताई वर जा, आणि येऊन तिला घोडा सांगा."

म्हणजे मला आणि ताईला साक्षीदार केलं. ताईला तर अजून काही माहीतच नव्हतं.

अक्का आली ती सकाळच्या गाडीनं. उंच, ताठ, हातात काठी. पण काठी टेकण्यापेक्षा दाखवण्याकरताच जास्त. चहा घ्यायच्या आधी तिनं स्वयंपाकघर तपासलं.

"सूनबाई, हे झाकण ह्या पातेल्याचं नव्हे."

"नाही वन्सं," ताई म्हणाली. "ह्या पातेल्याचं झाकण तुमच्या भावानं झाडाच्या कुंडीखाली ठेवलंय."

"आणि कुंडीची बशी?"

"ती दुकानात आहे. स्क्रू ठेवायला."

"तरी मी म्हणते, हा मुलगा कुठलीच गोष्ट तिच्या जागी पुरी करत नाही," अक्का म्हणाली. "बाळ्या! इकडे ये. बारीक झालास. नको, जवळ नको येऊस, आधी ती फ्रेम बदल, सुतक पाळल्यासारखी दिसते."

भावजी लहान मुलासारखे फ्रेम बदलायला खाली गेले.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर आम्ही चौघं निघालो. ताईनं ब्रेड, उकडलेली अंडी, काकड्या असं भरपूर घेतलं होतं. भावजींनी तिला दोन पिशव्या जास्त घ्यायला लावल्या. रस्ताभर ते खुशीत होते. फाटकाजवळ पोचल्यावर त्यांनी नेहमीसारखी मंडळींवर नजर फिरवली, जणू कुणाचं दुखणं बाहेर काढायचं ते अजून ठरायचं होतं, आणि मग हळुवार आवाजात म्हणाले, "अक्का, तुला काही ह्या पायऱ्या जमायच्या नाहीत."

"पायऱ्या कशाला?" फाटकावरचा पहारेकरी पुढे झाला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की जणू त्याच्याच घरात पाळणा हलला होता. "साहेब, कालपासून रॅम्प सुरू झाला! मागच्या बाजूनं थेट वर. चाकाची खुर्चीपण आलीय. आता कुणाला खाली बसायला नको. तुम्हालाच पहिलं सांगणार होतो. किती वर्षं बसताय बिचारे!"

कोपऱ्यात नवी कोरी खुर्ची उभी होती. तिच्या हातांवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं.

"पण पिशव्या..." भावजी म्हणाले.

"पिशव्यांना लॉकर केलाय!"

भावजींनी झाडाकडे पाहिलं. बाकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी रसवाल्याच्या पाटीवरचा घोडा बघत राहिले. अक्का तोवर खुर्चीत बसलीसुद्धा होती. मांडीवर काठी आडवी ठेवून म्हणाली, "ढकल, बाळ्या. ह्या पिशव्या पण घ्या गं बरोबर, वर भूक लागेल."

रॅम्प सोपा होता. कठडा, मधे मधे थांबायला सपाट जागा, सगळं नीट केलेलं. त्यावरून न चढायला कुणाला सबबच सापडली नसती. भावजी खुर्ची ढकलत होते आणि बोलत होते. घाबरला की हा माणूस जास्त बोलतो.

"आता वर गेल्या गेल्या मोठा दिवाणखाना लागेल. त्याच्या डाव्या हाताला न्हाणीघर."

वर गेल्या गेल्या लागली स्वच्छतागृहं. रॅम्प मागच्या बाजूनं आला होता. भावजींचं सगळं पडकं पायऱ्यांकडून मांडलेलं. डाव्या हाताला न्हाणीघराऐवजी एक भिंत होती, आणि उजव्या हाताला तिची बहीण.

"ह्या रॅम्पनं उलटं केलंय सगळं," भावजी म्हणाले.

"अहो, पण इतक्या वेळा आलायत ना तुम्ही?" ताई म्हणाली. "मागून काय, पुढून काय? मी माझ्या स्वयंपाकघरात खिडकीतून शिरले तरी मला मिठाचा डबा सापडेल."

अक्का सगळीकडे मान वळवून बघत होती. दगडी चौथरे, कमरेएवढ्या भिंती, गवत, भिंतींमधून जाणाऱ्या वाटा. मग तिनं काठी उचलली.

"घोडा कुठाय?"

"पुढे आहे," भावजी म्हणाले.

पुढे गेलो. पुढे चौथरा होता. त्याच्या पुढे गेलो. खुर्चीचं चाक दोनदा अडकलं. भावजींच्या शर्टाची पाठ भिजली होती. समोरून बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बायकोबरोबर येताना दिसले. दोघांच्याही नाकावर भावजींचेच चष्मे. अक्कानं काठीनं त्यांना थांबवलं.

"अहो, तो तीन पायांचा घोडा कुठे आहे हो?"

"घोडा ना? तो काय, तिकडे, पलीकडच्या भिंतीला," गृहस्थांनी डावीकडे हात केला.

"काहीतरीच काय," त्यांच्या पत्नीनं उजवीकडे हात केला. "इकडे नव्हता का?"

"अगं, तुला दिशा कळत नाहीत."

"आणि तुम्हाला घोडा कळतो? मागच्या वेळी तर म्हणालात, मी बघितला, तू मागे राहिलीस."

ते दोघं भांडत पुढे गेले. नंतर एक कुटुंब भेटलं, बाहेरगावचं. त्यातल्या बापानं सांगितलं, आत्ताच बघून आलो, अप्रतिम, पण कुठे ते विचारल्यावर त्याला एकदम फोन आला. शेवटी एका सावलीच्या जागी वरची पहारेकरीण बसलेली होती. गणवेश, शिट्टी, हातात विणकाम.

"घोडा कुठाय बाई?" अक्कानं विचारलं.

"पुढे जा, आजी."

"पुढूनच आलो."

"मग मागे जा."

"तू पाहिलायस?"

बाईनं इकडेतिकडे बघितलं आणि विणकाम मांडीवर ठेवलं. "खरं सांगू? नाही. रोज कुणीतरी विचारतं. मी लागले तेव्हापासून शोधतेय. पण नाही म्हटलं, तर साहेबांना वाटेल, ही फिरतच नाही. म्हणून मीपण म्हणते, पुढे जा."

ताईनं भावजींकडे पाहिलं. अशा पाहण्याला लग्नाची बरीच वर्षं लागतात. भावजींनी खुर्चीचा ब्रेक लावला. मग पुढे येऊन अक्कासमोर उभे राहिले, शाळेत फळ्यापुढे उभं केल्यासारखे.

"अक्का, मी इथे कधी आलेलो नाही. दर वेळी खालीच बसायचो. दिवाणखाना, न्हाणीघर, सगळं लोकांनी सांगितलेलं. घोडापण. थाप नव्हती गं. मला वाटायचं, असेल."

"म्हणजे इतकी वर्षं..." ताई म्हणाली. "अहो, मी तुम्हाला डबे भरून देत होते!"

"डबे खाल्ले सगळे. पिशव्या राखत खाल्ले," भावजी म्हणाले.

मला वाटलं, आता अक्काची काठी उठणार. पण ती खुर्चीत खचल्यासारखी बसली होती.

"बाळ्या," ती म्हणाली, "आता मी तोंड कसं दाखवू?"

"कुणाला?"

"आमच्या बिल्डिंगमध्ये! खाली बाकावर आम्ही बायका बसतो रोज. कुणाचा मुलगा परदेशात, कुणाच्या लेकीचं घर समुद्रावर. जी ती आपापलं सांगते. मी काय सांगणार? माझ्याकडे तू होतास आणि तुझा घोडा होता. मी म्हणायची, माझा भाऊ त्या पडक्याचा कोपरा न् कोपरा जाणतो. लोक त्याला विचारून वर जातात. वरच्या मजल्यावरची प्रोफेसरीण दर सोमवारी विचारते, काल घोड्याचं काय म्हणाला भाऊ? आणि मी..." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "आयाळ मी घातलीय. तू आयाळीचं कधी काही बोलला नव्हतास."

भावजी तिच्याकडे बघतच राहिले. ताईला हसू फुटलं. तिनं तोंडाला पदर लावला, पण तिच्या हातातल्या पिशवीतले डबे वाजायला लागले.

"हसू नकोस, सूनबाई," अक्का म्हणाली आणि स्वतःच हसली. मग एकदम ताठ झाली. "बाळ्या, हे तू अर्धवट सोडलंस तर माझ्याशी गाठ आहे. आलायस ना आता वर? मग जा. कोपरा न् कोपरा बघून ये. पिशव्या ठेव इथे. मी बसते."

"तू एकटी?"

"ह्या दोघी आहेत. मला काय झालंय? खुबा नवा आहे माझा. जा!"

भावजी गेले. आधी जरा अवघडल्यासारखे. मोकळ्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. मग भिंतींमधून त्यांचं डोकं दिसायचं, नाहीसं व्हायचं, भलतीकडेच पुन्हा उगवायचं. आम्ही तिघींनी काकड्या खाल्ल्या. अंडी खाल्ली. अक्कानं ताईला सांगितलं की अंडी जास्त उकडलीत, आणि ताईनं तिला सांगितलं की मग तिसरं कशाला घेतलंत. पहारेकरणीला ब्रेड दिला. तिनं शेवटची शिट्टी वाजवायच्या बेताला भावजी परत आले. गुडघे मातीनं माखलेले, गवताच्या कुसळांनी पँट भरलेली, आणि चष्मा नाकावर वाकडा. त्यांचा चष्मा वाकडा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"काय पाहिलंस?" अक्का म्हणाली.

"भिंती आहेत," भावजी म्हणाले. "खूप भिंती आहेत. दिवाणखाना आहे, पण लोक सांगतात तेवढा मोठा नाही. एका दाराचा उंबरा मधेच खोल झिजलाय, पाय ठेवून ठेवून. आणि एक चूल आहे, अक्का! दगडाची. पण धूर जायला भोक ठेवलंय ते भलत्याच भिंतीला. सगळा धूर घरात येत असणार."

"पुरुषानं बांधलं असेल," ताई म्हणाली.

"आणि घोडा?"

भावजींना खोटं बोलायचं असतं तर आम्ही कुणी अडवलं नसतं.

"नाही, अक्का. सगळीकडे पाहिलं. नाही."

"नीट पाहिलंस?"

"नीट."

"पुरतं?"

"पुरतं."

अक्कानं त्यांचा चष्मा सरळ केला. "मग ऐक. घोड्याच्या बाजूला दुरुस्ती चालली होती. ताडपत्री घातली होती. म्हणून आपल्याला फोटो काढता आला नाही. मान तेवढी दिसली. काय म्हणायचं?"

"ताडपत्री," भावजी म्हणाले.

"हां. नाहीतर तू पहिल्याच फोनला घोटाळा करशील. चल, ढकल."

"थापाडे दोघंही," ताई म्हणाली. "एका घराची वळणं."

अक्का परत जाऊन बरेच महिने झाले. रविवारचा फोन चालू आहे. अर्धवट गोष्टींच्या उजळणीत पोहणं आणि टायपिंग अजून आहे. पडकं आता पुऱ्यांमध्ये जाऊन पक्कं बसलंय. प्रोफेसरीणबाईंना ताडपत्री पटली. उलट त्या म्हणाल्या, जपायलाच हवी अशी गोष्ट. भावजी आता पाहुण्यांना घेऊन थेट वर जातात, सगळ्यात पुढे, आणि त्या चुलीपाशी इतका वेळ घेतात, की पाहुण्यांचे पाय भरून येतात. घोड्याबद्दल ते स्वतः काही बोलत नाहीत. कुणी विचारलं तर दुसरीकडे बघून म्हणतात, "त्याचं काही सांगता येत नाही."

पण रॅम्प झाला, लॉकर झाला, तरी कुणीतरी खाली बसायला लागतंच. लॉकरची किल्ली हरवली आहे. ती कुणी हरवली ते पहारेकरी सांगत नाही. परवा आमच्याकडे पाहुणे होते, तेव्हा त्या झाडाखाली मी बसले. बसले न बसले तोच एका अनोळखी बाईनं विचारलं, "तुम्ही बसलाच आहात, तर..." आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवून ती वर गेली. परत आली तेव्हा लालबुंद झाली होती. पाणी प्यायली, पदरानं वारा घेतला.

"काय काय बघितलंत?" मी विचारलं.

"सगळं बघितलं. तो घोडा, बाई गं! काय घोडा! आयाळ तर अशी, की हात लावून बघावंसं वाटतं." मग जरा हळहळून म्हणाली, "वरचा स्वार मात्र आता राहिला नाही हो."

मी तिची पिशवी तिच्या हातात दिली.

"हो ना," मी म्हटलं. "पावसापाण्यानं झिजून गेला असेल."